ब्रेकवर पाय ठेवून गाडी ढकलू नका

पत्राचा सारांश: वय 36. चार महिन्यांपूर्वी आयव्हीएफची पहिली सायकल झाली. 11 स्त्रीबीजं मिळाली, त्यांतली 8 मॅच्युअर होती, फलित झाली 3. एक गर्भ ट्रान्सफर केला, पण गर्भधारणा झाली नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, “एग क्वालिटी.” त्यानंतर पत्रलेखिकेनं एक व्हिडिओ पाहिला. त्यात फलनाच्या क्षणी बीजातून झिंकची ठिणगी उडताना दिसते आणि ठिणगी जितकी मोठी तितका गर्भ चांगला, असं सांगितलं होतं. तेव्हापासून त्या रोज झिंकची 50 मिलिग्रॅमची गोळी घेतात. शिवाय एक ‘फर्टिलिटी’ पावडर (25 मिलिग्रॅम झिंक) आणि मल्टिव्हिटॅमिन (15 मिलिग्रॅम) चालू आहे. मळमळ होते, तोंडाला धातूची चव येते. गोळ्या सुरू करण्याआधी रक्तातलं झिंक 78 आलं होतं. ते त्यांना ‘काठावर’ वाटतं. पतीची तपासणी दोन वर्षांपूर्वी एकदा झाली, ती ‘नॉर्मल’ होती. नणंद म्हणाली, “बीजातच दम नाही तर डॉक्टर तरी काय करणार?” प्रश्न असे: डोस वाढवू का? बीजात झिंक साठावं म्हणून पुढची सायकल सहा महिने पुढे ढकलू का? ठिणगीची चाचणी कुठे होते का? ताजा कलम: दोन बाटल्या अजून सीलबंद आहेत.

पत्राखाली तुम्ही ‘विझलेली’ अशी सही केली आहेत. त्यामुळे आधी त्या व्हिडिओबद्दलच बोलते, बाकी सगळं तिथूनच सुरू झालंय.

झिंक स्वतः चमकत नाही. बीजाभोवतीच्या द्रवात एक रंगद्रव्य घातलेलं असतं. त्याला झिंक भेटलं की ते सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली उजळतं. तुम्ही पाहिलीत ती झळाळी त्या रंगाची. बीज काळोखात फटाक्यासारखं फुटत नाही, तुमचं नाही आणि कुणाचंच नाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात टेरेसा वुडरफ आणि थॉमस ओहॅलोरन यांच्या गटांनी हे आधी उंदराच्या आणि माकडाच्या बीजांत दाखवलं, 2011 मध्ये. मानवी बीजात दिसलं ते 2016 मध्ये. या दुसऱ्या प्रयोगातली एक गंमत व्हिडिओवाले सहसा सांगत नाहीत. त्यात शुक्राणू नव्हताच. तिथल्या सरकारी निधीच्या नियमांमुळे संशोधनासाठी मानवी बीज फलित करता येत नव्हतं, म्हणून बीजं रसायनानं आणि शुक्राणूतल्या एका प्रथिनाचा संदेश आत टोचून जागी केली होती. ठिणगी पडली, पण गर्भ राहण्याचा प्रश्नच नव्हता.

आता झिंक बीजात करतं काय, ते नीट पाहू. तुमच्या डोसचं उत्तर त्यातच आहे.

बीजाचं विभाजन तुम्ही आईच्या पोटात असतानाच सुरू झालं आणि अर्ध्यावर थांबलं. ज्या महिन्यात एखादं बीज निवडलं जातं, त्या महिन्यात हॉर्मोनचा इशारा मिळाला की ते पुन्हा चालू होतं. उंदराच्या बीजावर हे तास मोजून पाहिलंय. पिकण्याच्या त्या 12 ते 14 तासांत बीज झिंकचे 20 अब्जांहून जास्त अणू आत ओढतं. आधीच्या साठ्यात जवळपास निम्म्यानं भर पडते आणि एकूण साठा 60 अब्जांच्या घरात जातो. हे झिंक काढून घेतलं तर बीज मधेच अडकतं, विभाजन वेडंवाकडं होतं. तेव्हा झिंक लागतं, यात शंका नाही.

पण पिकलेलं बीज तसंच पुढे जात नाही. ते पुन्हा थांबतं आणि शुक्राणूची वाट पाहतं. हे थांबवून धरण्याचं काम एक प्रथिन करतं आणि त्या प्रथिनाला झिंक लागतं. सोप्या भाषेत, या टप्प्यावर झिंक हा ब्रेक आहे. शुक्राणू आत शिरला की तो आपल्याबरोबर आणलेलं एक प्रथिन सोडतो, त्यानं बीजात कॅल्शियमच्या लाटा उठतात, आणि त्या लाटांपाठोपाठ बीज झिंक बाहेर फेकतं. उंदराच्या बीजाच्या कडेला अशा झिंकनं भरलेल्या सुमारे 8,000 पुड्या असतात, एकेकीत दहा लाखांच्या आसपास अणू. सगळं मिळून साधारण 10 अब्ज अणू बाहेर पडतात. ब्रेक सुटतो आणि बीज गर्भ व्हायला निघतं. बाहेर पडलेलं झिंक वाया जात नाही, बीजाचं कवच टणक करायला मदत करतं, म्हणजे दुसरा शुक्राणू आत येत नाही.

ज्या बीजांना जागं केल्यावरही संशोधकांनी आतलं झिंक मुद्दाम चढं ठेवलं, ती बीजं पुन्हा मागे, वाट पाहण्याच्या अवस्थेत गेली. आणि उलट, न फलित झालेल्या बीजातून झिंक काढून घेतलं तर ते शुक्राणूशिवायच जागं झालं. म्हणजे तुम्ही जिला ‘झिंक भरपूर असल्याची खूण’ समजलात, ती ठिणगी प्रत्यक्षात झिंक सोडून दिल्याची खूण आहे. आधी गोळा करायचं आणि नेमक्या क्षणी टाकून द्यायचं, हे बीजाचं कसब. गोळीचा डोस वाढवून ते येत नाही.

मी एक हिशेब केला, कागदावर, चहा पिता पिता. 50 मिलिग्रॅम झिंकमध्ये जितके अणू असतात, ते उंदराच्या सात अब्जांहून जास्त बीजांना पुरतील. माणसाचं बीज त्याहून मोठं असतं, तरी तुमच्या 11 बीजांसाठी लागणारं झिंक तुमच्या गोळीच्या एका न दिसणाऱ्या कणात मावेल. अर्थात गोळी पोटातून थेट बीजात जात नाही. आतडी, रक्त, बीजकोश, बीजाभोवतीच्या पेशी असे बरेच पहारेकरी वाटेत आहेत, आणि गरज नसलेलं झिंक शरीर बहुतांशी आतड्यातूनच परत पाठवतं. पण टंचाई नसेल तर ढिगावर ढीग घालून काही साधत नाही, एवढं या हिशेबावरून लक्षात यावं.

टंचाई खरीच असती तर? खऱ्या टंचाईचे परिणाम गंभीर असतात. डॉ. आनंद प्रसाद यांनी 1961 मध्ये इराणमधल्या, वाढ खुंटलेल्या आणि वयात न आलेल्या तरुणांचं वर्णन प्रसिद्ध केलं. झिंकची उणीव माणसाचं काय करते, हे त्यातून आणि नंतर इजिप्तमधल्या कामातून पुढे आलं. उंदरांच्या माद्यांना बीज सुटण्याआधीचे थोडेच दिवस झिंक नसलेलं अन्न दिलं तरी बीजांवर परिणाम होतो, हेही प्रयोगांत दिसलंय. पण तो आहार जवळजवळ शून्य झिंकचा होता. तसं तुमचं नाही. सीलिअ‍ॅक किंवा क्रोन्ससारखा आतड्याचा आजार, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, लांबलेले जुलाब, फार मद्यपान, काही प्रकारच्या लघवीच्या गोळ्या बराच काळ, किंवा अनेक पदार्थ वर्ज्य करून चालवलेला आहार, यांतलं काही असेल तर डॉक्टरांशी झिंकबद्दल जरूर बोला. हे तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठीही. धान्य आणि कडधान्यांवर भर असलेल्या आहारात फायटेट नावाचा घटक झिंकला धरून ठेवतो. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी तो बराच कमी होतो.

राहिला तुमचा 78 चा आकडा. प्रयोगशाळा साधारण 70 ते 120 ही मर्यादा देतात, तेव्हा 78 मर्यादेच्या आत आहे. तुम्ही त्याला ‘काठावर’ म्हणालात, कारण तुम्ही तो घाबरलेल्या डोळ्यांनी वाचलात. शरीरात एकूण झिंक दोनेक ग्रॅम असतं आणि रक्तद्रवात त्याचा एक टक्काही नसतो. जेवणानंतर, साध्या संसर्गात, गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना हा आकडा खाली येतो. बीजात किती झिंक आहे हे तर तो मुळीच सांगत नाही.

आता जरा कडक बोलते. तुमची बेरीज रोज 90 मिलिग्रॅम होते. अमेरिकन शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीची रोजची गरज 8 मिलिग्रॅम, गरोदरपणात 11. देशोदेशी हे आकडे थोडे बदलतात. पण वरची सुरक्षित मर्यादा त्या शिफारशीत 40 आहे आणि तीही सगळ्या वाटांनी येणारं झिंक धरून. 40 च का, तर जास्त झिंक आतड्यात तांब्याला अडवतं. महिनोन्‌महिने असं चाललं तर रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, हातापायांना मुंग्या येतात. मळमळ आणि तोंडाला येणारी धातूची चव ही ‘गोळी लागू पडतेय’ची खूण नाही. चार महिने झालेत. सुटी झिंकची गोळी आणि पावडर बंद करा आणि त्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट सांगा. हिमोग्राम आणि तांब्याची तपासणी हवी का, ते ठरवतील. मल्टिव्हिटॅमिनमधलं 15 मिलिग्रॅम पुरे. त्यात फॉलिक अ‍ॅसिड आहे का, तेवढं बघा. रोजचं 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी आहे, ते मात्र सोडू नका.

लेबल वाचताना एक गोम असते. बाटलीवर ‘झिंक ग्लुकोनेट 50 मिलिग्रॅम’ लिहिलं असेल तर त्यात प्रत्यक्ष झिंक सातेक मिलिग्रॅमच असतं. ‘झिंक सल्फेट 220 मिलिग्रॅम’ म्हणजे प्रत्यक्ष झिंक 50. ‘एलिमेंटल’ हा शब्द शोधा, तोच आकडा धरायचा. तुमच्या बाटलीवर तो नसेल तर माझी बेरीज खाली येईल, आणि मला त्यात आनंदच आहे. आणखी एक: बीज काढण्याच्या सुमारास काही ठिकाणी डॉक्सिसायक्लिनसारखं प्रतिजैविक देतात. झिंक त्याला पोटातच बांधून टाकतं. लोहाची गोळी आणि झिंक एकत्र घेतलं तरी एकमेकांच्या वाटेत येतात. तुमच्या डॉक्टरांना या गोळ्या माहीतच नसतील तर ते अंतर ठेवायला कसे सांगणार?

आता तुमच्या सायकलकडे. मी भ्रूण-प्रयोगशाळेत वीसेक वर्षं काढली, म्हणून तुमचे आकडे मला वेगळेच दिसतात. बीज काढतात तेव्हा ते ढगासारख्या पेशींच्या चिकट गोळ्यात दडलेलं असतं. एका एन्झाइमच्या थेंबात ते काही सेकंद धरायचं, मग बारीक पायपेटीतून आत-बाहेर, आत-बाहेर करत त्या पेशी सोलायच्या. उरतं ते एक दशांश मिलिमीटरचं गोल बीज. ते हळूच फिरवत राहायचं, कवचाखाली एक मण्याएवढा गोळा दिसेपर्यंत. ती पोलर बॉडी. ती दिसली की कागदावर आपण ‘मॅच्युअर’ लिहितो. तुमच्या 8 बीजांत ती दिसली. म्हणजे ज्या टप्प्यावर झिंकअभावी उंदराची बीजं अडकली, तो टप्पा तुमच्या आठ जणींनी ओलांडला होता, निदान डोळ्याला दिसतं तेवढं तरी. विझलेली बीजं अशी दिसत नाहीत हो.

अडलं ते पुढे, 8 पैकी 3 फलित होण्यापाशी. मॅच्युअर बीजांपैकी साधारण 60 ते 80 टक्के फलित व्हावीत ही प्रयोगशाळांची अपेक्षा असते, तेव्हा तीन हा आकडा कमी आहे आणि त्याबद्दल विचारायलाच हवं. पण फलन हे दोघांचं काम. कॅल्शियमच्या ज्या लाटांनी झिंक बाहेर पडतं, त्या उठवणारं प्रथिन शुक्राणू आणतो. ते कमी असेल किंवा सदोष असेल तर धडधाकट बीजही झिंक धरून गप्प बसून राहतं. वीर्यतपासणीत संख्या, हालचाल, आकार दिसतो, हे प्रथिन दिसत नाही. शिवाय ‘नॉर्मल’चा तो कागद दोन वर्षांपूर्वीचा आहे. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे तो कागद ज्या शुक्राणूंबद्दल होता ते केव्हाच इतिहासजमा झाले. तुमच्या तपासण्या इतक्या झाल्या की तुम्ही रक्तातलं झिंकसुद्धा मोजून आणलंत, आणि त्यांची एकच, तीही शिळी. नणंदबाईंना हे सांगा असं मी म्हणत नाही. तुम्ही स्वतःला मात्र सांगा.

पतीलाही झिंक सुरू करायचा विचार मनात आला असेल तर थांबा. अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत पुरुषांना सहा महिने रोज 30 मिलिग्रॅम झिंक आणि 5 मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं. 2020 च्या जानेवारीत निकाल आला: जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण ही गोळी घेणाऱ्यांत 34 टक्के, औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांत 35. वीर्याची प्रत सुधारली नाही, डीएनए तुटण्याचं प्रमाण उलट थोडं वाढलेलं दिसलं, आणि पोटाच्या तक्रारी वाढल्या त्या वेगळ्याच.

पुढच्या भेटीला दोघं जा. प्रयोगशाळेचा पूर्ण अहवाल मागा, केवळ डिस्चार्जचा कागद नको. साधं आयव्हीएफ केलं होतं की इक्सी, म्हणजे एकेक शुक्राणू सुईनं थेट बीजात सोडणं, ते विचारा. (‘8 मॅच्युअर’ हा आकडा तुम्हाला बीज काढलं त्याच दिवशी कळला असेल तर बहुधा इक्सी. साध्या आयव्हीएफमध्ये बीजं सोलून पाहतात ती दुसऱ्या दिवशी.) उरलेल्या पाच बीजांचं दुसऱ्या दिवशी सकाळी काय दिसलं? फलन नीट झालं तर दोन केंद्रकं दिसतात, एक बीजाचं आणि एक शुक्राणूचं. ती दोन नसतील तर एक होतं, तीन होती, की काहीच नव्हतं? या प्रत्येकाचा अर्थ वेगळा. साधं आयव्हीएफ असेल तर पुढच्या वेळी इक्सीचा विचार होऊ शकतो. इक्सी करूनही पाचही बीजं जागी झाली नसतील तर कॅल्शियम आयनोफोर (बीजात कॅल्शियम वाढवणारं रसायन) वापरून बीज जागं करण्याचा एक मार्ग असतो. तो सरसकट सगळ्यांसाठी नाही, पण फलन फार कमी झालेल्या जोडप्यांत त्यावर चर्चा होते. ठिणगीला बाहेरून मदत करायचीच असेल तर तिचा रस्ता हा असा कॅल्शियमकडून जातो.

ठिणगीची चाचणी मागू नका. उंदरांत मोठी ठिणगी पडलेल्या बीजांचे गर्भ पुढच्या टप्प्यापर्यंत जास्त पोहोचले हे खरं, पण नेहमीच्या उपचारात ही तपासणी नाही. ती उद्या आलीच, तर तीन गर्भांपैकी कोणता आधी ट्रान्सफर करायचा हे ठरवायला उपयोगी पडेल. बीज सुधारायला ती काय करणार?

‘एग क्वालिटी’ या शब्दाबद्दल तुमच्या डॉक्टरांवर मी थोडी नाराज आहे. बीजाच्या आत कुणी डोकावलेलं नसतं. वय आणि निकाल पाहून काढलेला तो अंदाज असतो. 36 व्या वर्षी त्या अंदाजात तथ्य असू शकतं, कारण वयाबरोबर गुणसूत्रांना जोडून धरणारी बांधणी सैल होत जाते आणि वाटणी चुकते. त्याला झिंकचा उतारा नाही. म्हणूनच सहा महिने थांबण्याच्या विरोधात मी आहे. तीन महिन्यांचं म्हणाल तर गोष्ट वेगळी. बीजाची पिशवी शेवटच्या वाढीला जवळपास तेवढाच काळ घेते, पतीचा नवा अहवाल येईल, तांब्याचं काही बिघडलं असेल तर सावरेल, कुणी धूम्रपान करत असेल तर ते सोडायला वेळ मिळेल, आणि तुम्हाला जरा झोप लागेल. एवढ्यासाठी ते तीन महिने गेले तर जाऊ द्या. झिंक साठवायला म्हणून एकही नको.

आणि त्या दोन सीलबंद बाटल्या परत घेत असतील तर देऊन टाका. नाहीच घेतल्या, तर डॉक्टरांच्या भेटीला पिशवीतून घेऊन जा, पावडरच्या डब्यासकट. काय आणि किती घेत होतात हे आठवून सांगण्यापेक्षा लेबलंच दाखवलेली बरी.